खाडी इतकी निळी नसते

बस, भाविका. चहा घे आधी,
मला चष्मा पुसू दे.
बत्तीस फोटो आणलेस, मी सहांवर बोलेन.
गोड बोलणार नाही,
पण मुद्दाम कडूही नाही.

हा ऐरोलीच्या पुलावरून काढलेला.
क्षितिज डावीकडे कललंय,
सगळं पाणी मुलुंडात सांडेल अशानं.
ते सरळ कर, बोटभराचं काम आहे.
पण खाडी इतकी निळी नसते, पोरी.
आपली खाडी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी,
भरतीला त्यात थोडी चांदी येते, बस.
तू तिला परदेशात फिरवून आणलंस.

आणि हे फ्लेमिंगो.
लग्नातल्या आइस्क्रीमसारखे गुलाबी केलेस.
नीट बघ, मोठा करून बघ,
कडेला उभे आहेत ते दोन करडे होते ना मुळात?
पिल्लं असतात ती.
रंग चढायला वर्षं लागतात त्यांना.
तू एका घसाऱ्यात त्यांनाही रंगवून टाकलंस.
त्यांना करडं राहू दे.
चिखलात त्यांचंच तर चाललंय काहीतरी.

हा रबाळ्याच्या कंपनीच्या गेटवरचा...
थांब. हा तूच काढलास?
चहाची वाफ वॉचमनच्या चष्म्यावर चढली
आणि नेमकं तेव्हा तू बटण दाबलंस.
किती वेळ उभी होतीस?
चाळीस मिनिटं. हं.
हे मला शिकवता आलं नसतं.
कडेचं ते निळं पिंप तेवढं काप.
नको, राहू दे.
त्याच्या शर्टाशी बोलतंय ते. मी चुकलो.

आता हा.
ही तुझी आत्या ना, घणसोलीत जवळा वाळवणारी?
उजेड छान पकडलास, तिरपा, सकाळचा,
जाळीची सावली हातावर.
पण कपाळाला इस्त्री का केलीस?
आणि हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं?
ॲपला डाग वाटला, त्यानंच काढला म्हणतेस.
ॲप घणसोलीचं नाही, भाविका.
तू आहेस.

रागावलो नाही.
मी कोण रागावणार?
ठाण्यात जांभळी नाक्याच्या स्टुडिओत
सत्तावीस वर्षं निगेटिव्हवर पेन्सिल चालवली मी.
भिंगाखाली, टोक सुईसारखं करून,
लोकांच्या तोंडावरचं आयुष्य बुजवत बसायचो.
एकदा एक बाई आली, नवरा गेलेला.
आमच्याच स्टुडिओत काढलेला त्याचा एक फोटो,
भिंतीवर लावायला मोठा करून हवा होता.
देवीचे व्रण होते चेहरा भरून.
मी दोन रात्री जागून एकेक खड्डा भरला,
गालाची कड तासली,
मालक म्हणाले, वा!
तिनं फोटो घेतला, पैसे मोजले, दारापर्यंत गेली
आणि परत आली.
छान झालाय, म्हणाली.
पण हे कोण?

पेन्सिल पुसता येते.
मी मात्र चाकूही चालवला होता,
आणि निगेटिव्ह एकच.
तिचे पैसे परत दिले. तिनं घेतले नाहीत.
तो फोटो कुठल्या भिंतीवर लागला, की लागलाच नाही,
मला माहीत नाही.

तुझ्याकडे मूळ प्रत आहे ना?
आहे? तशीच?
मग तू पहिल्याच वर्षी माझ्या पुढे गेलीस.

सहा म्हणालो होतो, तीनच झाले.
चहा निवला तुझा.
आत्याला दोन्ही दाखव, काही सांगू नकोस,
नुसतं बघ तिचं बोट कुठल्या फोटोवर जातं.
कदाचित गुळगुळीतवरच जाईल.
तिचा चेहरा आहे, तिनं ठरवावं.
मग माझं आजचं सगळं सोडून दे.

बाकीचे पुढच्या रविवारी.
येताना मूठभर सुका जवळा आण.
वासाशिवाय तो फोटो
मला नीट तपासता येणार नाही.